केळफुलाच्या मोमोची व्यवहार्यता

धंदा करायचा की नाही हे ठरवण्याआधी तो करण्याजोगा आहे की नाही हे ठरवलं पाहिजे, असं भवतोष पालितांनी जाहीर केलं तेव्हा हरिसभा आळीच्या क्लबात कॅरम चालला होता आणि राणी भोकाच्या तोंडाशी होती. साहजिकच कुणी वर पाहिलं नाही. राणी पडेपर्यंत थांबून भवतोषबाबूंनी जाहीर केलेलं पुन्हा जाहीर केलं.

"धंदा? कसला रे घंटू?" बटुकदांनी बोटांना पावडर चोळत विचारलं.

बटुक मल्लिक म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, पूजेच्या वर्गणीपासून आळीतल्या नळाच्या गळतीपर्यंत सर्वाधिकारी. भवतोषबाबूंना त्यांच्या विमा कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे 'पालितबाबू' म्हणत. आळीत ते घंटू होते. आईबापांनी पाळण्यात लाडानं हाक मारलेलं नाव कोलकात्यातल्या माणसाला सरणापर्यंत वाहावं लागतं. त्यावर बढती, टक्कल, चष्मा यांपैकी कशाचाच उपाय चालत नाही.

"केळफुलाचे मोमो," घंटू, म्हणजे भवतोषबाबू म्हणाले. "बाहेरून मोमो, आत आपली केळफुलाची भाजी, वर मोहरीची कासुंदी. रस्त्याच्या कडेला गाडी. हिमालय आणि बंगाल एका घासात!"

कॅरम थांबला. या क्लबात कॅरम याआधी दोनदाच थांबला होता, एकदा भूकंपात आणि एकदा बटुकदा हरत असताना.

भवतोषबाबूंना हे सुचलं ते भुकेपोटी नव्हे. कचेरीनं त्यांची बदली सिलिगुडीला केली होती. कोजागिरीची लक्ष्मीपूजा झाली, कचेरी उघडली, की एक तर तिथं हजर व्हायचं, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसायचं. आता हावडा स्टेशनवर कुणाला पोचवायला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून ज्यांच्या पोटात कळा येतात, त्या माणसानं सिलिगुडीला राहायचं म्हणजे काय? पण घरी बसायचं तर काहीतरी करायला हवं. मोमो चालला तर हरिसभा आळी; नाही चालला तर सिलिगुडी. एवढा सगळा भार त्या वाफाळत्या इवल्याशा पुडीवर येऊन पडला होता, आणि तेव्हापासून भवतोषबाबूंना एका जागी बसवत नव्हतं. ते जेवतानासुद्धा मधेच उठून खिडकीपर्यंत जाऊन येत.

"कल्पना उत्तम," बटुकदा म्हणाले. "फक्त नावात थोडं वजन हवं. आणि गाडीला पिवळा रंग देऊ नकोस, पिवळ्यानं गिऱ्हाइकाला कावीळ आठवते."

"आत मटण घाला की," कोपऱ्यातून एक जण म्हणाला.

"केळफुलाच्या मोमोत मटण घातलं तर तो मटणाचा मोमो होईल."

"मग लोक खातील तरी!"

निवृत्त हेडमास्तर फणीबाबू आतापर्यंत डोळे मिटून ऐकत होते. निम्म्या आळीला त्यांनी इतिहास शिकवला होता आणि उरलेल्या निम्म्या आळीला उठाबशा. त्यांनी एक डोळा उघडला. "भवतोष, यामागे विचार काय आहे?"

"विचार म्हणजे... मोमो वाफवायचे आणि विकायचे, सर."

"ही कृती झाली," फणीमास्तर म्हणाले आणि डोळा मिटला. पुढचे सगळे दिवस 'विचार काय' हा प्रश्न भवतोषबाबूंना बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

घरात मात्र कसलाच विचार विचारला गेला नाही. रेबानं त्यांचं सगळं बोलणं मासा चिरता चिरता ऐकलं आणि सांगितलं, "कुणी दुसऱ्यांदा खाणार नाही."

"अगं, पहिल्यांदा खाऊन तर बघू दे लोकांना!"

"पहिल्यांदा खातील म्हणून तर म्हणते."

रेबाचं माहेर मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या उदयन कॉलनीत. कॉलनीतले लोक फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बारिशालहून आलेले. ते भाजीत मिरची घालतात आणि मनात येईल ते तोंडावर बोलतात. हरिसभा आळीतले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे इथलेच. ते भाजीत साखर घालतात आणि बोलण्यातही. पंचवीस वर्षांच्या संसारात रेबानं नवऱ्याच्या कुठल्याही गोष्टीला 'छान' म्हटलेलं नव्हतं. फार झालं तर 'बरं' म्हणे, आणि त्या दिवशी भवतोषबाबू बाजारातून शीळ घालत येत.

व्यवहार्यतेचा अभ्यास सुरू झाला. संध्याकाळी कचेरी सुटली की भवतोषबाबू शहरभर मोमोच्या गाड्यांसमोर उभे राहू लागले. ते खात नसत, निरीक्षण करत. गिऱ्हाईक किती, कुठल्या वयाचं, चटणी पुन्हा मागतं की नाही. मोमोच्या वाफेनं चष्मा धुरकटला की पुसून पुन्हा निरीक्षण. शेवटी एका गाडीवाल्यानं झारा खाली ठेवला. "काका, तुम्ही कुठल्या खात्याचे?"

"मी? छे छे, मी साधा माणूस. सहज बघतोय."

"काल ज्यानं सहज बघितलं त्यानं सिलिंडर नेला. खायचं असेल तर खा, नाहीतर वाफेतून बाजूला व्हा. गिऱ्हाइकं घाबरतायत."

भवतोषबाबूंनी अपमान गिळला, आणि त्याबरोबर भिडेपोटी चिकनचे मोमोही.

मग वॉर्ड कचेरी. खिडकीमागच्या कारकुनानं अगत्यानं विचारलं, "काय विकणार?" इथं भवतोषबाबूंनी चूक केली. मोमो म्हणून मोकळं होण्याऐवजी त्यांनी संकल्पना समजावून सांगायला घेतली. हिमालय आला, बंगाल आला, मागच्या रात्री फणीमास्तरांसाठी जुळवून ठेवलेला थोडा विचारही आला. मागे रांग वाढत गेली.

"म्हणजे हे चायनीजमध्ये बसतं का आपल्या घरगुती पिठ्यात, करंज्या-घावनात?" कारकुनानं विचारलं.

"दोन्हीचा संगम आहे."

"संगमाची खिडकी नाही. दोन्ही वेगवेगळे अर्ज करा. पण एका गाडीला दोन परवाने मिळत नाहीत, हे आधीच सांगतो."

"मग?"

"मग दोन गाड्या घ्या," कारकून म्हणाला. आणि मग जरा पुढं वाकून, आवाज खाली आणून, आपलेपणानं: "दादा, माझं ऐकाल? एगरोल काढा. एगरोलचं कधी अडत नाही."

परवाना राहिला. पण पूजा तोंडावर आली होती, आणि पूजेच्या आधी पंचमीला संध्याकाळी मंडपात आनंदमेळा असतो. देवीचं तोंड अजून झाकलेलं असतं आणि समोर आळीतल्या बायाबापड्या घरून पदार्थ करून आणून टेबलं मांडतात. तिथं विकायला परवाना लागत नाही. भवतोषबाबूंच्या मनात लख्ख उजेड पडला. गिऱ्हाईक आयतं, खरं, खिशात हात घालणारं! याहून चांगली परीक्षा कुठली?

केळफूल निवडणं हे काय प्रकरण असतं ते ज्यांनी निवडलंय त्यांना सांगायला नको. एकेक पाकळी उलगडायची, आतल्या फुलांचा झुबका काढायचा, त्यातल्या प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पापुद्रा उपटून टाकायचा. गडियाहाटच्या बाजारातून भवतोषबाबूंनी पिशवीभर केळफुलं आणली आणि उत्साहाच्या भरात हाताला तेल लावायचं विसरून स्वतःच निवडायला बसले. दुसऱ्या दिवशी कचेरीत मोठ्या साहेबांनी त्यांच्या काळ्याठिक्कर बोटांकडे पाहिलं आणि कळवळून विचारलं, "पालितबाबू, छपाईचं काही काम करता का फावल्या वेळी?"

भाजी कशी करायची यावर घरात एक लढाई झाली. रेबाचं म्हणणं, कोळंबी घाला आणि मिरची घाला. भवतोषबाबूंचं म्हणणं, हे शुद्ध शाकाहारी, सौम्य, सर्वांना पचेल असं हवं. साखर, ओलं खोबरं आणि वर बेदाणे. "बेदाणे?" रेबा म्हणाली. "मोमोत?" पण पदार्थ नवऱ्याचा होता, बदलीही नवऱ्याची होती. तिनं बेदाणे घातले. घालताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते भवतोषबाबूंना वाफेमुळे दिसलं नाही.

आनंदमेळ्यात काय झालं ते भवतोषबाबू पुढं अनेक दिवस सांगणार होते; प्रत्यक्षात ते रात्रीपर्यंतच सांगून झालं. टेबलापुढं ही रांग! बटुकदांनी पहिली प्लेट घेतली आणि मान मागे टाकून म्हणाले, "घंटू! अरे घंटू! अप्रतिम!" फणीमास्तर आले, प्लेट घेतली, म्हणाले, "आता विचार दिसतो." समोरच्या टेबलावर सेनबौदी, म्हणजे सेनांच्या वहिनी, खोबऱ्याऐवजी चीज भरलेली पाटीसापटा नावाची गोड घावनं विकत होत्या, त्यासुद्धा स्वतःचं दुकान सोडून आल्या, दोन प्लेटा घेऊन गेल्या. भवतोषबाबूंनीही परतफेड म्हणून त्यांची पाटीसापटा खाल्ली. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. "अप्रतिम, बौदी!" ते म्हणाले. "तुम्ही खरं तर दुकानच काढायला हवं!" ढाकी लोकांचा ढोल सुरू व्हायच्या आत भवतोषबाबूंचं पातेलं रिकामं झालं होतं.

"बघ," ते रेबाला म्हणाले. "उद्याच राजीनामा लिहितो."

"आधी जरा फिरून या," रेबा म्हणाली.

ते विजयी वीरासारखे मंडपात फिरायला निघाले. खुर्चीत बसलेल्या फणीमास्तरांनी त्यांना बोलावलं. "ये भवतोष, बस. दमलास. हे घे, खा." आणि द्रोण पुढं केला. त्यात भवतोषबाबूंचे मोमो होते; सगळेच्या सगळे, आणि एकाला फक्त बाजूनं कुरतडलेलं.

"सर, हे तर..."

"माझं पोट भरलंय रे. तू तरुण माणूस आहेस. खा."

गुरूनं दिलेलं नाही कसं म्हणणार? भवतोषबाबूंनी खाल्ले. चार पावलांवर बटुकदा भेटले. "घंटू, सकाळपासून खपतोयस, काही खाल्लंस का नाही? धर." आणखी एक द्रोण. तिसरा त्यांना बटुकदांच्या वहिनींनी आग्रहानं भरवला, आणि तो वहिनींना सेनबौदींनी दिलेला होता. मग भवतोषबाबूंनी नीट पाहिलं. सगळ्या मंडपात द्रोण हातोहात फिरत होते. मोमो, पाटीसापटा, कुणाचा पास्ता घातलेला पायेश, म्हणजे खीर. प्रत्येक जण प्रत्येकाचं घेत होता, प्रत्येकाला अप्रतिम म्हणत होता आणि पुढच्याला अगत्यानं देत होता. आनंदमेळ्यात हे असंच असतं, दरवर्षी असतं. भवतोषबाबू स्वतः जन्मभर हेच करत आले होते. फक्त आपल्या पातेल्याच्या बाबतीत ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी येऊन ते खाटेवर आडवे झाले. पोटात बेदाणे फिरत होते. "भिडेखातर," ते छताला म्हणाले. "सगळं भिडेखातर! अख्ख्या आळीत मला खरं सांगणारं कुणी नाही."

"मी सांगितलं होतं," रेबा म्हणाली.

"तू घरची. घरच्या माणसाचं मत धरत नाहीत." ते एकदम उठून बसले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मला शत्रू हवा, रेबा! ज्याला माझी भीड नाही असा माणूस."

शत्रू शोधायला लांब जायचं नव्हतं. हरिसभा आळी आणि उदयन कॉलनी यांचं पूजेवरून तीस वर्षांचं वैर. एकदा कॉलनीवाल्यांनी आळीची देवी 'दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखी दिसते' असं म्हटलं होतं. ते इथं कुणी विसरलेलं नव्हतं. शिवाय कॉलनीच्या क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे खुद्द रेबाचे थोरले बंधू, नीहार गुहठाकुरता. लग्नात भवतोषबाबूंचा नवरदेवाचा उंच, निमुळता टोप पाहून "हे कशावर घालतात, डोक्यावर का सुरईवर?" असं भर मांडवात विचारणारा हा माणूस. हाच!

सप्तमीला सकाळी भवतोषबाबू पुन्हा एकदा वॉर्ड कचेरीच्या मागे लागले (पूजेच्या सुट्टीत ती बंद असते हे त्यांना कुलपासमोर उभं राहिल्यावर आठवलं), तेवढ्या वेळात रेबानं मोमो करून डबा भरून ठेवला. तो उचलून ते मोठा रस्ता ओलांडून गेले. शत्रूच्या मुलखात शिरताना त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली.

"या जावईबापू!" नीहारदा मंडपाच्या दारातूनच गरजले. "काय आणलंत? तुमच्याकडचं साखरेचं वरण?"

"मोमो आहेत. केळफुलाचे. मला फक्त खरं मत हवंय."

"खरंच देऊ. खोटं आम्हाला परवडत नाही." त्यांनी डबा उघडला, एक मोमो तोंडात टाकला. थांबले. दुसरा टाकला. मग डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. कॉलनीतली बाकीची मंडळी गोळा झाली; ती डबा त्यांच्या मांडीवरून काढायला लागली. कुणी 'छान' म्हणेना. कुणी 'अप्रतिम' म्हणेना. ओढाओढीत एकाच्या धोतरावर कासुंदी सांडली, तरी तो उठला नाही.

"कसे आहेत?" भवतोषबाबूंनी कासावीस होऊन विचारलं.

"वेष्टण जाड आहे," नीहारदा तोंड भरलेलं असताना म्हणाले. "आकार दरिद्री. तुमच्याकडच्या माणसाला गाठसुद्धा मारता येत नाही. आणखी आहेत?"

"संपले."

"संपले म्हणजे? एवढेच घेऊन कशाला आलात मग?"

"पण पैसे..."

"जावयाकडून घेतलेल्याचे पैसे?" सगळे हसले. मग नीहारदांनी हात धोतराला पुसले. "ऐका. आमच्या फाटकापाशी पूजेनंतर गाडी लावा. जागा मी देतो. जो पैसे देणार नाही त्याचे दात मी पाडतो. यात जावई, मेहुणा काही नाही."

भवतोषबाबू घरी आले ते हवेतून. "रेबा! खाल्ले! ओढून खाल्ले!" मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडायला घेतला. हरिसभा आळीत पैसे दिले आणि खाल्लं नाही. कॉलनीत खाल्लं आणि पैसे दिले नाहीत. पण पुढं देणार आहेत. म्हणजे धंदा जमतो! "आणि बेदाणे! ते म्हणाले नाहीत, पण बेदाण्यांमुळेच ही किमया झाली असणार."

रेबा भांडी घासत होती. "बेदाणे नव्हते."

"काय?"

"कोळंबी होती. आणि मिरची. तुम्ही कुलपाचं दर्शन घ्यायला गेला होतात तेव्हा घातली."

भवतोषबाबू खिडकीपर्यंत गेले. या वेळी परत यायला त्यांना जरा वेळ लागला.

बातमी अष्टमीच्या आरतीआधीच हरिसभा आळीत पोचली. क्लबात तातडीची बैठक बसली. बटुकदांचा चेहरा देवी विसर्जनाला निघाल्यासारखा झाला होता. "घंटू, तू आपला मोमो कॉलनीला देणार? आज मोमो, उद्या देवीचे दागिने!"

"पण बटुकदा, इथं कुणी खात नाही तो."

"कोण म्हणतं? मी नाही अप्रतिम म्हणालो?"

"तुम्ही मला खायला दिलात."

"प्रेमानं दिला!" बटुकदांचे डोळे खरोखर भरून आले. "हरिसभा आळीचा मोमो शत्रूच्या फाटकावर? हा खाण्याचा प्रश्न नाही, अस्मितेचा आहे. त्यापेक्षा तू सिलिगुडीला गेलास तर आम्ही एकवेळ सोसू."

"यात विचार आहे," फणीमास्तर म्हणाले.

भवतोषबाबूंनी विजयादशमी अशीच येरझारा घालत काढली. राजीनामा लिहिला तर आळी तुटते. नाही लिहिला तर सिलिगुडी. आळी सोडायची नाही म्हणून तर हा खटाटोप आरंभला होता! कॉलनीत गाडी लावून आळीत राहायचं, तर समोरून जाणारा प्रत्येक जण अगत्यानं 'कसं चाललंय' विचारणार, आणि त्यापेक्षा नीहारदांनी दात पाडलेले बरे.

"तुम्ही जा सिलिगुडीला," कोजागिरीच्या दिवशी रेबा लक्ष्मीची पावलं काढता काढता म्हणाली. "गाडी मी लावते."

"तू? पण आळीचं काय?"

"मी माहेरी जाते. माहेरी जाणाऱ्या बाईला तुमचा क्लब कुठल्या नियमानं अडवणार?"

आणि खरोखर नियम सापडला नाही. बटुकदांनी तीन दिवस शोधला. वॉर्ड कचेरीतही रेबा गेली. त्याच कारकुनानं त्याच खिडकीतून विचारलं, काय विकणार? "मोमो," रेबा म्हणाली. कारकुनानं शिक्का मारला.

भवतोषबाबू सिलिगुडीला गेले. सिलिगुडीत कोपऱ्याकोपऱ्यावर मोमो होते. ते मान फिरवून चालत. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन ते रेबाला फोन करत आणि सूचना देत. गाडीचा रंग कसा असावा. कासुंदी वाटीत द्यावी की वर ओतावी. गिऱ्हाइकांपैकी तरुण किती. पलीकडून झाऱ्याचा, कढईच्या झाकणाचा आणि नीहारदांच्या ओरडण्याचा आवाज येई. "हं," रेबा म्हणे. "हं. बोला. नाही नाही, तुम्हाला नाही, यांना चार प्लेटा हव्यात." हरिसभा आळीतली माणसं मफलरात तोंड गुंडाळून रस्ता ओलांडून येतात, असंही एकदा तिच्या बोलण्यात आलं. बटुकदा तर बांधूनच नेतात. 'अप्रतिम' म्हणतात का, असं भवतोषबाबूंनी विचारलं. "छे," रेबा म्हणाली, "बोलायला तोंड रिकामं कुठं असतं?"

पौषात थंडी पडली. खोलीत भवतोषबाबूंना बसवेना, उठवेना. एका संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि सूचना न देता म्हणाले, "रेबा, मी काय म्हणतो, मी राजीनामा देऊन टाकू का? तुला एकटीला फार होत असेल. मी येतो. मी बघतो सगळं. पुन्हा एकदा बेदाण्यांचाही विचार करता येईल."

पलीकडे झारा थांबला. कढईचं झाकणही थांबलं.

"या ना," रेबा म्हणाली. तिचा आवाज कसा मऊ, गोड, अगदी हरिसभा आळीचा झाला होता. "तुम्ही आलात तर छानच होईल. अप्रतिम होईल."

भवतोषबाबूंनी फोन हळूच खाली ठेवला. मग गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळून ते जिना उतरले आणि खाली घरमालकाला भेटून त्यांनी खोली आणखी एका वर्षासाठी हवी असल्याचं सांगितलं.